चित्रकथा, चित्रपट आणि संग्रहाची दृष्टी

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत एक पुष्प आपण गुंफावे, असे कार्यवाहांनी मला कळविले, तेव्हा मराठीचा हा अधिव्याख्याता संतकाव्यावर किंवा निदान नवकथेवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय सांगितला, तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. चित्रकथांचे अंक, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, हँडबिले आणि त्यांच्या अनुषंगाने मुलांच्या हाती आलेली खेळणी यांचा संग्रह, हा विषय या व्यासपीठाला साजेल काय, ही शंका त्या शांततेत होती. ती रास्त आहे. पस्तीस वर्षांपूर्वी मलाही हीच शंका होती, आणि त्या शंकेपायी माझ्या हातून एक चूक घडली. आजचे हे व्याख्यान म्हणजे काही अंशी त्या चुकीची कबुली आहे. परंतु ती योग्य जागी येईल. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

खासबाग म्हटले की बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान आठवते. आपली खासबाग वेगळी. वडगाव-शहापूरला खेटून असलेली, मागांच्या खडखडाटात दिवस उजाडणारी ही विणकरांची वस्ती. इथल्या मुलांना गाढ झोपेतही मागाचा ठेका ऐकू येई. या वस्तीच्या करमणुकीची साधने मोजकी होती. गावात ग्लोब, प्रकाश, चित्रा, निर्मल अशी चित्रपटगृहे होती. नवा चित्रपट लागला की टांग्याला दोन्ही बाजूंनी फलक बांधून, ताशा वाजवीत त्याची वर्दी गल्लोगल्ली दिली जाई. टांग्यातून पिवळी-गुलाबी हँडबिले भिरकावली जात आणि आम्ही मुले त्यांच्यामागे धावत असू. पातळ कागद, ओली शाई आणि खाली ठळक अक्षरांत खेळांच्या वेळा. मराठी मुद्रित अक्षराशी अनेकांचा पहिला संबंध शाळेच्या पुस्तकातून नव्हे, तर या हँडबिलातून आला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या पिढीतील मुलांचे पहिले सिनेमाचे खेळणे विकतचे नव्हते. चित्रपटाची रिळे तुटत, तेव्हा प्रक्षेपणगृहातील माणूस खराब भाग कापून टाकी. ते फिल्मचे तुकडे कुणीतरी मिळवून आणी आणि गोट्यांच्या बदल्यात त्यांची देवघेव चाले. जळालेल्या विजेच्या दिव्याचे बूड अलगद फोडून, आतील तार काढून त्यात पाणी भरावयाचे. हे झाले भिंग. उन्हात एकाने आरसा धरून अंधाऱ्या खोलीत कवडसा पाडावयाचा, कवडशाच्या वाटेत फिल्मचा तुकडा आणि त्यापुढे तो दिवा धरावयाचा आणि समोर वडिलांचे धोतर टांगावयाचे. धोतरावर नायिकेचा चेहरा उमटला, म्हणजे खोलीत जो गलका होई, तो आजही कानांत आहे. चित्र उलटे पडू नये म्हणून तुकडा उलटा धरावा लागतो, हे प्रकाशशास्त्र आम्ही शाळेत शिकण्याच्या आधी तिथे शिकलो. महाराष्ट्रातील कित्येक गावांत मुलांनी हा उद्योग केलेला आहे. पण असा एखादा पाण्याचा दिवा, असे फिल्मचे तुकडे ठेवलेली काडेपेटी कोणत्या संग्रहालयात आहे? असलीच तर ती माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटानंतर चित्रकथा. ‘चांदोबा’ घरात येई. मद्रासच्या बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली ‘चंदामामा’ तेलुगू व तमिळमध्ये सुरू केले आणि १९५२ पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून निघू लागले. याच दोघांच्या विजया संस्थेने १९५७ साली ‘मायाबझार’ हा गाजलेला चित्रपट काढला. म्हणजे मुलांचे मासिक आणि पौराणिक चित्रपट एकाच घरातून बाहेर पडत होते. खांद्यावर प्रेत घेऊन जाणारा विक्रम राजा ज्यांनी रेखाटला, ते चित्रकार के. सी. शिवशंकरन हे २०२० साली, वयाची नव्वदी ओलांडल्यानंतर निवर्तले. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या लक्षावधी मराठी माणसांना ते चित्र मात्र डोळे मिटून दिसते.

मग ‘इंद्रजाल कॉमिक्स’. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ही मालिका सुरू केली. ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला, ही मला अनुवादाच्या इतिहासातील एक सुंदर घटना वाटते. फँटम या शब्दाला भूत, पिशाच, छाया असे कितीतरी प्रतिशब्द होते. पण वेताळ म्हणताच तो परका मुखवटाधारी मनुष्य आपल्या वेशीवरच्या देवतेचा सोयरा झाला. प्रत्येक गावाला वेताळाची पालखी ठाऊक आहे. साहेबी पोशाखातला हा वेताळ मुलांना परका वाटलाच नाही. जंगलातल्या जुन्या म्हणी, कवटीची अंगठी, ज्याच्या जबड्यावर ती उमटली त्याला जन्मभर राहणारी खूण, हे सारे आमच्या खेळात शिरले. नागपुरात तयार होणाऱ्या ‘फँटम’ गोड सिगारेटी ओठांत धरून मुले वेताळाच्या गुहेत बसत. गुहा म्हणजे अर्थातच मागाच्या खोलीमागचा बोळ.

त्या पाठोपाठ ‘अमर चित्र कथा’. कारकळला जन्मलेले अनंत पै हे आधी ‘इंद्रजाल’च्या कामात होते. १९६७ साली त्यांनी ही मालिका आरंभिली. पौराणिक मालिकेचे पहिले पुस्तक ‘कृष्ण’, त्यावर क्रमांक मात्र ११, कारण आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना गेले होते. ‘कृष्ण’ची चित्रे काढली राम वाईरकर यांनी. पुढे ‘टिंकल’मधील सुप्पंडीलाही त्यांनीच रूप दिले. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथे’साठी शिवाजी महाराज रेखाटले, १९८६ साली अवतरलेल्या नागराजाचे पहिले रूप त्यांच्याच हातचे, आणि अमिताभ बच्चन यांना ‘सुप्रीमो’ या नावाने चित्रकथेचा नायक केले गेले, तेव्हा ती चित्रेही मुळीकांनीच काढली. ही आपली माणसे. मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांना किती ओळी मिळाल्या आहेत, हे आपण आपल्याच कपाटांत शोधून पाहावे.

आता त्या चुकीकडे येतो.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. १९८४ आणि १९८५ या दोन उन्हाळ्यांत त्याने आमच्या घराच्या कट्ट्यावर वाचनालय चालविले. भांडवल म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि तीत १४३ पुस्तके: इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा, ‘किशोर’चे काही अंक, आणि गाण्यांच्या बऱ्याच चोपड्या. वर्गणी दिवसाला दहा पैसे. तो अनेकदा वडिलांबरोबर वाचनालयात आलेला असल्यामुळे वाचनालय म्हणजे काय, याची त्याची कल्पना पक्की होती. त्याने दाखल नोंदवही केली. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला. देवघेवीचे रकाने आखले: दिनांक, पुस्तक क्रमांक, नाव, परत, शेरा. वाचनालयाला शिक्का हवा, म्हणून खोडरबर कोरून त्याने वेताळाची कवटी तयार केली आणि निळ्या शाईत बुडवून ती पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पानावर उमटविली. मधल्या पानावर शिक्का मारण्याची पद्धत त्याने कुठून उचलली, हे येथील ग्रंथपालांना सांगावयास नको.

१९९० साली मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. समीक्षेची चार पुस्तके वाचली की माणसाला सर्वत्र हीन अभिरुची दिसू लागते, तशी माझी अवस्था झाली होती. भाऊ पदविकेच्या शिक्षणासाठी बाहेरगावी वसतिगृहात होता. मला माझे ग्रंथ ठेवावयास जागा हवी होती. मी ती ट्रंक उघडली, आतील सर्व अंक बाहेर काढले, आणि दारावर आलेल्या रद्दीवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकले. आलेल्या पैशांत पदरचे काही घालून मी समीक्षेचा एक ग्रंथ विकत घेतला. दिवाळीला भाऊ घरी आला. त्याने ट्रंकेचे झाकण उचलले, आत माझी पुस्तके पाहिली आणि झाकण पुन्हा लावले. तो काहीही बोलला नाही. आजतागायत बोललेला नाही.

योगायोग असा की, ‘इंद्रजाल’ही त्याच १९९० साली बंद पडले. २६ वर्षांत ८०३ अंक काढून ती मालिका संपली. मी घेतलेला तो समीक्षाग्रंथ आजही माझ्याजवळ आहे. तो आपल्या वाचनालयात आहे, माझ्या महाविद्यालयात आहे, जवळपासच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात आहे. रद्दीत गेलेल्या १४३ पुस्तकांपैकी बहुतेकांची मराठी प्रत मात्र मला नंतर कुठेही, कोणत्याही ग्रंथालयात पाहावयास मिळाली नाही. ग्रंथ कोणता जपावा आणि कोणता विकावा, याचा माझा निर्णय त्या दिवशी नेमका उलटा झाला होता.

त्या अंकांबरोबर काय गेले, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला. पहिली गोष्ट गेली ती भाषा. चित्रकथेतील संवाद फुग्यात बसवावा लागतो. जागा बोटभर. तिथे लांबलचक वाक्य चालत नाही, पुस्तकी मराठी गुदमरते. त्या अनुवादकांनी ठोसा, स्फोट, डरकाळी यांना मराठी ध्वनी दिले, तोडके संवाद घडविले. त्यांची नावे अंकावर छापलेली मला आठवत नाहीत. मराठी गद्याच्या अभ्यासात या अनामिक मंडळींचे एक प्रकरण असावयास हवे. पण साधनेच उरली नाहीत, तर प्रकरण कशाच्या आधारे लिहावयाचे?

चित्रपटाच्या बाबतीत तर ही हानी फार मोठी आहे. आपल्यापासून निपाणीमार्गे चार घटकांच्या वाटेवर कोल्हापूर. तिथे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. मुळात ते चित्रकार. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत, आणि चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याची प्रथाही त्यांनीच आपल्याकडे रुजविली, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भित्तिपत्रक मानले जाते. म्हणजे आपण ज्याला सिनेमाची रद्दी म्हणतो, तिचे उगमस्थान या परिसरातच आहे. आणि त्या काळचे बहुतेक चित्रपट आता नाहीत. आपल्या देशात सुमारे १,७०० मूकपट निर्माण झाले, पण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला त्यांपैकी जेमतेम नऊ-दहा मिळविता आले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याचीही प्रत उरलेली नाही. उरली ती छायाचित्रे आणि जाहिराती. चित्रपट नष्ट झाला आणि त्याची जाहिरात राहिली, असा हा विपरीत न्याय आहे.

हे चित्रपट गेले कुठे? काही आगीत गेले, कारण त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. काही हवेने कुजले. आणि कित्येक विकले गेले. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी रिळेच्या रिळे वजनावर दिली गेली. मी ट्रंक रिकामी केली तेव्हा माझ्या दारात जो तराजू होता, तोच तराजू तिथेही होता.

या तराजूसमोर उभा राहिलेला मनुष्य म्हणजे पी. के. नायर. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या पुण्याच्या संग्रहालयात १९६५ मध्ये ते रुजू झाले आणि १९९१ पर्यंत रिळांचे डबे शोधीत देशभर हिंडले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे अंश आज आपण पाहू शकतो, त्यामागे त्यांची पायपीट आहे. हा मनुष्य लहानपणी काय करीत होता? तर चित्रपटाच्या तिकिटांचे उरलेले तुकडे जमवीत होता. घरच्यांना तो पोरखेळ वाटला असेल. पण राष्ट्राच्या चित्रपटसंग्रहाचे बीज त्या पोरखेळात होते.

दुसरे उदाहरण कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचे. त्यांनी दशकवार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. पहिला प्रसिद्ध झालेला खंड १९८० सालचा. कोणत्या चित्रपटात कोणती गीते, गीतकार कोण, संगीतकार कोण, याचा हा आधारग्रंथ. त्याचे एक मोठे साधन कोणते होते? चित्रपटगृहाच्या दारात चार-दोन आण्यांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या. ध्वनिमुद्रिकेवर न आलेली गीते केवळ या चोपड्यांतूनच सापडतात. माझ्या भावाच्या ट्रंकेत अशा किती चोपड्या होत्या आणि त्यांतील कोणती आज दुर्मीळ ठरली असती, हा हिशेब करण्याचे धैर्य मला होत नाही.

आता खेळण्यांविषयी. आपल्या जिल्ह्यातील गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि फळे प्रसिद्ध आहेत. सावंतवाडीची चितारआळी आपल्याला दूर नाही. ही परंपरेची खेळणी. त्यांना संग्रहालयात मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे जनक डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, बाहुल्या अशा घरगुती वस्तू गोळा केल्या, तेव्हा त्यांनाही मोडीत काढण्याच्या वस्तू जमविणारा म्हणून हसणारे होते. पण कारखान्यात निघालेल्या, पडद्यावरून उतरलेल्या खेळण्यांना अजून तो मान नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि १९८८ च्या ऑक्टोबरात ‘महाभारत’. त्यानंतरच्या जत्रा आठवून पाहा. फुगेवाल्याच्या काठीला प्लास्टिकची गदा, धनुष्यबाण, पुठ्ठ्याचे मुकुट लटकू लागले. गोकाकच्या सुताराने शेकडो वर्षांत जो मारुती घडविला, त्याच्या शेजारी वर्ष-दोन वर्षांत दूरदर्शनचा मारुती येऊन बसला. पुढे ‘ही-मॅन’ आला आणि त्याच्या बाहुल्याही भारतात तयार होऊन विकल्या गेल्या. खासबागेतील मुलांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी लाकडी पट्टीची तलवार केली. माझ्या मते ती पट्टीसुद्धा संग्राह्य आहे, कारण दुकानातील खेळणे उत्पादकाची कल्पना सांगते, घरी केलेले खेळणे मुलाची.

परदेशात या छंदाने फार मोठे रूप घेतले आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. १९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला, तेव्हा केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयार होऊ शकली नाहीत. कंपनीने काय केले? तिने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र होते: ते पाठवा, खेळणी नंतर टपालाने येतील. आणि लोकांनी ते घेतले! आज त्या पाकिटालाही संग्राहक मोल देतात. १९३८ साली दहा सेंटला विकला गेलेला ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, त्याची एक प्रत २०२४ साली ६० लक्ष डॉलर्सना गेली. इतकी किंमत का? तर प्रती उरल्याच नाहीत म्हणून. महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, घरोघरी आवराआवर झाली, आणि सर्वांनी जे फेकले ते ज्याने ठेवले, त्याला भाव आला.

मात्र हा मार्ग आपला नव्हे, हे मला स्पष्ट सांगावयाचे आहे. तिकडे पाकीट न उघडलेल्या खेळण्याला अधिक किंमत येते. ज्या बाहुलीशी कुणी खेळले नाही, जे पुस्तक कुणी वाचले नाही, ते सर्वांत मोलाचे. व्यापाराच्या दृष्टीने हे ठीक असेल. ग्रंथालयाची दृष्टी याच्या नेमकी उलट असली पाहिजे. आपल्याला हवा तो हाताळून मऊ झालेला अंक, ज्याच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, ज्यावर कुणाचे नाव, इयत्ता आणि “वाचून परत करावे” अशी विनंती आहे. बाजारात त्या डागाने किंमत उतरते. आपल्यासाठी तो डाग हाच पुरावा आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावयास हवेत. पहिला आक्षेप जागेचा: ग्रंथांनाच जागा नाही, तिथे खेळणी कुठे ठेवणार? दुसरा अभिरुचीचा: वाचनालयाने वाचकाला वर न्यावयाचे की त्याच्या मागे धावावयाचे? तिसरा, जो मला सर्वांत गंभीर वाटतो, तो सीमाभागातील आपल्या स्थितीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथे मराठी ग्रंथालय चालविणे हे केवळ हौसेचे काम राहिलेले नाही. पै पै जमवून ते चालते. अशा वेळी ज्ञानेश्वरी आणि कोश सोडून वेताळावर पैसा खर्च करावयाचा काय?

माझे उत्तर असे. मी ज्ञानेश्वरीची जागा मागत नाही. मी एक कपाट मागतो. अभिरुचीविषयी म्हणाल, तर जतन करणे म्हणजे शिफारस करणे नव्हे. दप्तरखान्यात खतपत्रे आणि बखरी दोन्ही असतात. सीमाभागाविषयी म्हणाल, तर याच भागाला या साधनांची गरज अधिक आहे. ज्ञानेश्वरी पुण्यातही जपली जाईल. पण बेळगावात कोणत्या वर्षी कोणता मराठी चित्रपट लागला, त्याचे हँडबिल कोणत्या छापखान्यात छापले गेले, त्यावर मराठीबरोबर कन्नड ओळ केव्हापासून आली, हे पुणे जपणार नाही. ते आपणच जपले पाहिजे. मराठी इथे कशी जगली, हे केवळ ठरावांतून आणि ग्रंथांतून कळत नाही. ते गल्लीतल्या हँडबिलातूनही कळते.

म्हणून या शतकमहोत्सवानिमित्त माझी विनंती अशी की, वाचनालयाने ‘संकीर्ण संग्रह’ या नावाने एक कपाट राखावे. त्यात या परिसरातील घरांतून मिळणारे चित्रकथांचे अंक, गाण्यांच्या चोपड्या, हँडबिले, तिकिटे, काडेपेट्यांवरील छाप, जत्रेतील खेळणी ठेवावीत. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेला ‘चिंटू’ कापून वहीत चिकटविणारी घरे आपल्यातही असतील. त्या वह्याही घ्याव्यात. काम खर्चाचे नाही, शिस्तीचे आहे. वस्तूबरोबर ती कुणाची, कुठली, कोणत्या साली किती पैशांना घेतली, ही माहिती घ्यावी, कारण माहितीवाचून वस्तू मुकी असते. नोंद वस्तूवर शाईने करू नये, वेगळ्या कागदावर पेन्सिलीने करावी. गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत कागद खाते. प्लास्टिकचे आवरण वितळवून बसवू नये, ते पुन्हा निघत नाही. हा स्वस्त कागद प्रकाशाने पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून अंक अंधारात आणि आडवे ठेवावेत. आता संगणकावर प्रतिमा घेणे सोपे झाले आहे, ते अवश्य करावे. पण प्रतिमा घेतली म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: घर आवरताना, जुने माणूस गेल्यावर त्याची पेटी उघडताना, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा वाचनालयाला विचारावे. माझ्यासारख्या शिकलेल्या थोरल्या भावापासून अशा पेट्यांना सर्वांत अधिक धोका असतो.

आता शेवटचे. त्या ट्रंकेतील सर्व गेले असे मी म्हणालो, ते पूर्ण खरे नाही. एक वस्तू वाचली. ट्रंकेच्या तळाशी कागदाखाली भावाची ती दाखल नोंदवही राहून गेली होती. पुष्कळ वर्षांनी आईच्या पश्चात घर आवरताना ती माझ्या हाती आली. तीत १४३ पुस्तकांची यादी आहे, आणि दोन उन्हाळ्यांतील प्रत्येक देवघेव आहे. मी ती एखाद्या हस्तलिखितासारखी वाचली. वेताळाचे अंक सर्वांत अधिक वेळा बाहेर गेले. ‘शिवाजी’ एकाच मुलाने पाच वेळा नेला. नावे पाहिली तर त्यांत मराठी घरांतील मुले आहेत, कन्नड बोलणाऱ्या विणकरांची आहेत, उर्दू बोलणाऱ्या घरांतीलही आहेत. यादीत ‘चंदमामा (कानडी)’ असे तीन अंक आहेत आणि ते नेणाऱ्यांत दोन मराठी मुले आहेत. शेऱ्याच्या रकान्यात “पान फाडले, दंड ५ पैसे”, “ताप आला म्हणून माफ”, “उद्या देतो म्हणाला” अशा नोंदी आहेत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतील मर्म अकरा वर्षांच्या मुलाने आमच्या कट्ट्यावर अमलात आणले होते. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर निळी कवटी आहे.

ही वही या वाचनालयाला द्यावी, असे मला वाटले. पण ती माझी नव्हती. एकदा त्याची वस्तू न विचारता दिली होती, दुसऱ्यांदा तसे करावयाचे नव्हते. भाऊ आता पुण्यात असतो. मी त्याला दूरध्वनी केला आणि पस्तीस वर्षांत प्रथमच रद्दीचा विषय काढला. मी क्षमा मागण्याच्या बेतात होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “दादा, पुस्तकं गेली ती गेली. वही दे वाचनालयाला. पण आधी नीट बघ, कुणाकुणाकडनं दहा पैसे यायचे राहिल्यात.”

मी पाहिले. सात जणांकडून येणे आहे. त्यांतील दोघे आज या सभागृहात बसलेले आहेत. त्यांची नावे मी घेणार नाही. ते येणे आता या वाचनालयाचे येणे झाले, असे समजून त्यांनी ते वस्तूरूपाने, घरातील एखाद्या जुन्या अंकाच्या रूपाने चुकते करावे.

अध्यक्षमहाशय, ही वही मी आपल्या स्वाधीन करतो. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक द्यावा. मधल्या पानावर शिक्का मारावा लागणार नाही, तो आधीच आहे.